डावी बाजू

आमच्या फाटकाच्या डाव्या खांबावर पांढऱ्या रंगाचे तीन ओरखडे आहेत. पहिला २०२१च्या दिवाळीतला, दुसरा त्यानंतर महिन्याभरातला आणि तिसरा २०२२च्या संक्रांतीच्या आदल्या दिवशीचा. यंदा घराला रंग दिला तेव्हा तेवढा वीतभर पट्टा तसाच ठेवायला मी रंगाऱ्याला सांगितलं.

हे तीस वर्षं गाडी चालवत होते. आधी सेकंड हँड मारुती ८००, मग २०१३ साली घेतलेली ही पांढरी छोटी गाडी. कराडच्या आमच्या गल्लीत फाटक अरुंद, समोर गटार, तरी एवढ्या वर्षांत खांबाला कधी लागलं नव्हतं. पहिल्या ओरखड्याला आम्ही अंधाराला दोष दिला, दुसऱ्याला घाईला. तिसऱ्याला मी काही बोलले नाही, पण त्या रात्री मला झोप लागली नाही. कारण त्याच आठवड्यात मल्हारपेठेच्या अलीकडे एक शाळकरी मुलगी सायकलवरून डाव्या हाताने रस्त्यात आली होती आणि मी “अहो!” म्हणून ओरडले तेव्हा कुठे ह्यांचा पाय ब्रेकवर गेला. मुलगी पडली नाही. सायकल सावरून, एकदा आमच्याकडे बघून, निघून गेली. हे म्हणाले, “कुठून आली गं ही?”

मला ती केव्हापासून दिसत होती.

डोळ्यांच्या दवाखान्यात ह्यांनी तक्त्यावरची शेवटची ओळ घडाघडा वाचली. मला तर वाटलं, आपणच उगाच घाबरलो. मग त्यांना एका पांढऱ्या अर्धगोलासमोर बसवलं. हनुवटी टेकवायची, मधल्या ठिपक्याकडे बघत राहायचं आणि कुठेही बारीक उजेड चमकला की हातातलं बटण दाबायचं. मी दाराशी उभी राहून बघत होते. उजेड चमकत होते आणि ह्यांचा अंगठा बराच वेळ हलत नव्हता. कागद छापून आला, त्यावर डाव्या बाजूचा मोठा भाग काळा होता. काचबिंदू. डोळ्यातला दाब वाढून मागची नस हळूहळू सुकत जाते, दुखत नाही, खुपत नाही. समोरचं शेवटपर्यंत लख्ख दिसतं, कडा मात्र खचत जातात. गेलेली नजर परत येत नाही. थेंब घालून उरलेली राखायची, एवढंच हातात.

डॉक्टरीणबाईंनी सांगितलेली एक गोष्ट मला फार लागली. त्या म्हणाल्या, यांना तिथे काळं दिसत नाही. जिथे दिसत नाही तिथली जागा मेंदू आजूबाजूच्या चित्राने भरून काढतो. म्हणजे ह्यांना डावीकडे रस्ता दिसत होता, कड दिसत होती, बाभळी दिसत होत्या. फक्त त्यातली सायकलवरची मुलगी नव्हती.

लायसन्सच्या अर्जात नजरेबद्दल एक प्रश्न असतो: दिवसाच्या चांगल्या उजेडात २५ मीटरवरच्या गाडीची नंबरप्लेट वाचता येते का? ह्यांना ती आजही वाचता येते. मला वाटतं, त्या प्रश्नाच्या खाली आणखी एक ओळ हवी, की बाजूचं किती दिसतं? चाळिशीनंतर वर्षातून एकदा डोळ्यांचा दाब तपासून घेणं हे गाडी चालवणाऱ्या माणसाला सर्व्हिसिंगइतकंच गरजेचं आहे. आमच्या ओळखीत किती जणांना मी हे सांगितलं असेल. ऐकतात, मान हलवतात आणि म्हणतात, “आम्हाला तर सगळं स्पष्ट दिसतं.” ह्यांनाही दिसत होतं.

घरी आल्यावर ह्यांनी चावी देवघराशेजारच्या खिळ्याला अडकवली. कोणी सांगितलं नव्हतं. मग दोन महिने गाडी दारात उभी. पारिजातकाची फुलं टपावर पडायची आणि तिथेच वाळायची. एकदा पुतण्या आला, त्याने चावी फिरवली तर टक् टक् आवाज, इंजिन उठेना. बॅटरी उतरली होती. उभ्या गाडीचीही बॅटरी उतरते, घड्याळ, लॉक, अलार्म तिच्यावरच जगत असतात, हे मला तेव्हा कळलं. शेजाऱ्यांच्या गाडीची बॅटरी केबलने जोडून गाडी सुरू केली आणि ह्यांनी बाहेर उभं राहून बॉनेटवर हात ठेवला. इंजिन चालू असताना जो बारीक थरथराट येतो तो त्यांनी बराच वेळ तळव्याने घेतला. त्या संध्याकाळी मी म्हणाले, “मी शिकते.”

मी तेव्हा एक्कावन्न वर्षांची होते. स्कूटर सुद्धा चालवलेली नव्हती.

ड्रायव्हिंग स्कूलच्या गाडीत शिकवणाऱ्याच्या पायाशीही क्लच आणि ब्रेक असतो, ही त्यातली मोठी दिलाशाची बाब. शिकवणारा पोरगा माझ्या मुलाच्या वयाचा. पहिल्या दिवशी तो म्हणाला, “मॅडम, ॲक्सिलेटर विसरा. आज फक्त क्लच.” सपाट मैदानावर नुसता क्लच हळूहळू सोडत गाडी कशी अंग हलवते ते त्याने तासभर करून घेतलं. पाय वर येताना एका जागी इंजिनाचा आवाज जरा खोल जातो, बॉनेट किंचित उचलल्यासारखं होतं. तोच हाफ क्लचचा बिंदू. त्याच्या अलीकडे गाडी मोकळी, पलीकडे घाई केली तर बंद. तो बिंदू डोळ्यांनी सापडत नाही, पायाला आणि कानाला सापडतो. आणि सापडला की तिथे पाय ठेवून राहायचं नाही, कारण अर्धवट दाबलेला क्लच सतत घासत राहतो आणि प्लेट जळते. सिग्नलला चढावर गाडी हाफ क्लचवर धरून ठेवणारे पुष्कळ दिसतात. हँडब्रेक त्याच्यासाठीच दिलेला आहे.

चढावरून गाडी काढणं मला आठवड्यात जमलं. रिव्हर्स जमलं. लर्निंग लायसन्सनंतर तीस दिवसांनी परीक्षा देता येते, ती दिली आणि पासही झाले. पण एक गोष्ट मला काही केल्या येईना, ती म्हणजे डावी बाजू.

आपल्याकडे चालक उजवीकडे बसतो. उजवं चाक आपल्या पायाखाली असल्यासारखं असतं, त्याचा अंदाज येतो. डावं चाक मात्र दुसऱ्या कोणाच्या तरी खाली असतं. मी सारखी उजवीकडे, रस्त्याच्या मधल्या पट्ट्याकडे सरकत होते. समोरून ट्रक आला की डावीकडे जायचं धैर्य होत नव्हतं. तिथे किती जागा आहे तेच कळायचं नाही. शिकवणारा “डावीकडे घ्या, डावीकडे घ्या” म्हणायचा आणि मला वाटायचं, आता चाक गटारात गेलं. क्लासचे दिवस संपले, लायसन्स पोस्टाने घरी आलं, तरी मी आमच्या फाटकातून गाडी बाहेर काढू शकत नव्हते. त्या खांबाच्या भीतीने.

ते मला ह्यांनी शिकवलं. एका रविवारी सकाळी आम्ही शाळेच्या मैदानावर गेलो. पुतण्याने गाडी तिथवर नेऊन दिली. ह्यांनी बरोबर चुन्याची पिशवी आणि चार विटा आणल्या होत्या. चुन्याने त्यांनी एक लांब सरळ रेघ मारली आणि मला गाडीत बसवून म्हणाले, “डावं चाक ह्या रेघेपासून हातभर ठेवून गाडी पुढे ने. मी बघतो.” मी नेली. थांबवली. उतरून बघितलं तर रेघ चाकापासून चांगली तीन हात लांब होती. पुन्हा. पुन्हा. पाचव्या वेळी ती हातभर आली. तेव्हा ह्यांनी मला हलू दिलं नाही. “आता आहेस तिथूनच समोर बघ. रेघ बॉनेटला कुठे येऊन मिळाल्यासारखी दिसते?”

रेघ बॉनेटच्या जवळजवळ मधोमध येऊन शिरल्यासारखी दिसत होती.

“हेच धर,” हे म्हणाले. “रस्त्याची कड बॉनेटच्या मध्याशी मिळाली की तुझं डावं चाक कडेपासून हातभर आत आहे. मध्याच्या उजवीकडे सरकली तर तू कडेला फार टेकतेस. डावीकडे गेली तर मध्ये येतेस.” मग त्यांनी बॉनेटवर त्या जागी गंधाचं एक बोट टेकवलं. प्रत्येकाची उंची वेगळी, सीटची बैठक वेगळी, त्यामुळे ती खूण ज्याची त्याला शोधावी लागते. पण ती प्रत्येकाला सापडते. तीस वर्षं ह्यांच्या शेजारी बसून मला ठाऊक नव्हतं की हे कशाच्या आधाराने त्या गल्लीतून गाडी काढतात.

नंतर विटा. दोन विटा उभ्या ठेवून फाटकाएवढी फट केली आणि त्यातून गाडी काढायची. वीट पडली की ती उभी करायला हे जायचे. वीट त्यांच्या डावीकडे असली की आधी मान पूर्ण वळवायचे, मग वाकायचे. डॉक्टरीणबाईंनीच सांगितलं होतं, नजर फिरवायची सवय लावा. त्या सकाळी ज्यांना डावी बाजू दिसत नाही त्यांच्याकडून मी डावी बाजू शिकले. घरी येताना मी गाडी फाटकातून आत घेतली. खांब आणि आरसा यांच्यात चार बोटं होती. ह्यांनी ती मोजली.

आरशांचंही तसंच. मी डावा आरसा असा लावला होता की त्यात निम्मी आमचीच गाडी दिसायची. ह्यांनी तो बाहेर वळवायला लावला, आपल्या गाडीची नुसती एक कड दिसेल इतका. “आपली गाडी कुठे आहे ते आपल्याला माहीत आहे. बघायचंय ते दुसऱ्याला.” डाव्या आरशाची काच जरा फुगीर असते, त्यामुळे त्यात जास्त परिसर मावतो, पण मागचं वाहन आहे त्यापेक्षा लांब वाटतं. म्हणून डावीकडे वळताना आरशावर पूर्ण विसंबायचं नाही, एकदा मान वळवून खांद्यावरून बघायचं. आपल्याकडे डावीकडून पुढे काढणारे दुचाकीवाले इतके, की ही मान वळवणं मला सर्वांत महत्त्वाचं वाटतं. आणखी एक जागा म्हणजे समोरच्या काचेच्या दोन्ही बाजूंचे खांब. चौकात वळताना त्या खांबाआड आख्खी मोटरसायकल दडते. ती आणि आपली गाडी सारख्याच वेगाने सरकत असली तर ती आडच राहते, शेवटपर्यंत. मी आता वळणावर सीटवरून जरा पुढे वाकते, मागे होते, पुन्हा वाकते. कोणाला विचित्र वाटलं तर वाटो. दिसणाऱ्या डोळ्यांनाही न दिसणाऱ्या जागा आहेत, हे मला त्या काळ्या कागदाने शिकवलं.

पुढचं शिक्षण गॅरेजमध्ये झालं. तिथे गेलं की माणसं ह्यांच्याशी बोलायची. “काका, ऑइल बदलायचं का? काका, टायर चांगलेत अजून.” मी शेजारी उभी. चावी माझ्या हातात, प्रश्न मात्र ह्यांना. दोन-तीन वेळा असं झाल्यावर हे म्हणाले, “गाडी ह्या चालवतात, ह्यांना विचार.” तेव्हापासून मिस्त्री मला “वहिनी” म्हणून सांगतो आणि खरं सांगायचं तर मनापासून सांगतो. माझे प्रश्न साधे असतात आणि त्याला ते आवडतात असं दिसतं. हवा किती भरायची? पंपावरचा पोरगा विचारतो “किती?” आणि बहुतेक लोक “तीस” म्हणून मोकळे होतात. खरा आकडा चालकाच्या दाराच्या चौकटीवर चिकटवलेला असतो, पुढच्या चाकांचा, मागच्या चाकांचा, गाडी भरलेली असतानाचा. दहा वर्षं आमच्या दारावर तो कागद होता. आणि तो आकडा थंड टायरचा असतो. पन्नास किलोमीटर पळवून आणलेल्या टायरमधली हवा तापलेली असते, तेव्हा मोजून काढून टाकली तर सकाळी टायर बसकेच.

टायर “चांगलेत अजून” ही गोष्टही मी तपासली. नक्षी खोल होती, खोबणीत जी बारीक उंचवट्याची खूण असते तिच्यापेक्षा कितीतरी वर. ती खूण १.६ मिलिमीटरवर असते, तिथवर झिजला की टायर संपला. आमची गाडी फार फिरलेलीच नाही, त्यामुळे झीज कमी. पण टायरच्या कडेला लंबगोलात चार आकडे असतात: पहिले दोन आठवड्याचे, नंतरचे दोन वर्षाचे. आमच्या पुढच्या टायरवर २११५. म्हणजे २०१५ सालचा एकविसावा आठवडा. आठ वर्षांचं रबर. बोटाने दाबून बघितलं तर कडेला बारीक भेगांचं जाळं. रबर उन्हाने आणि वयानेही मरतं, नुसतं पळून मरत नाही. चारही बदलले. पैसे गेले, पण घाटात जायचं होतं.

स्टेपनी बदलायलाही शिकले. हा शब्द आपण इतका घरचा करून टाकला आहे की तो वेल्समधल्या लानेली गावच्या स्टेपनी रस्त्यावरून आला, हे वाचून मला गंमत वाटली. तिथे १९०४च्या सुमारास जादा चाक बनवणारी कंपनी निघाली होती. रस्त्याचं नाव कंपनीला आणि कंपनीचं नाव कराडच्या पंक्चरवाल्याच्या तोंडी. करायचं कसं ते थोडक्यात: चाक जमिनीला टेकलेलं असतानाच नट ढिले करायचे, मग जॅक. उलट केलं तर चाक हवेत फिरत राहतं. हाताने नट सुटला नाही तर पान्यावर पाय देऊन अंगाचा भार टाकायचा. आवळताना समोरासमोरचे. मला पाऊण तास लागला. पुढच्या वेळी कमी लागेल.

कागदपत्रांबद्दल फार लिहीत नाही, पीयूसी वेळच्या वेळी काढायचं हे सगळ्यांना माहीत आहे. पण एक गोष्ट बायकांनी मुद्दाम लक्षात ठेवावी. विमा ह्यांच्या नावाने, गाडी ह्यांच्या नावाने. लायसन्स असलेल्या कोणीही चालवली तरी गाडीचा आणि समोरच्याचा विमा लागू असतो. पण त्यातलं पंधरा लाखांचं जे वैयक्तिक अपघात संरक्षण असतं ते मालक-चालकाचं, म्हणजे ह्यांचं. चाकामागे मी असले तर ते मला नाही. किती घरांत गाडी नवऱ्याच्या नावावर आहे आणि शाळा, बाजार, दवाखाना बायको करते. आम्ही माझ्यासाठी अपघात विम्याची वेगळी पॉलिसी घेतली. गाडी माझ्या नावावर करायचाही विचार झाला, पण मग नो क्लेम बोनस, म्हणजे भरपाई न मागितल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट, जातो, तो गाडीचा नसतो, मालकाचा असतो. शिवाय मला ते नको होतं. आरसीवर त्यांचं नाव राहू दे.

माझं माहेर चिपळूण. २२ जुलै २०२१ला वाशिष्ठी बाजारपेठेत शिरली त्या दिवशी माझ्या भावाची गाडी घराखाली उभी होती. पाणी ओसरल्यावर त्याने फोन केला, गाडीत स्टेअरिंगपर्यंत चिखल आहे, शेजारी म्हणतायत एकदा सुरू करून बघू. ह्यांनी माझ्या हातातून फोन घेतला. “चावी लावूच नकोस. आधी बॅटरीची वायर काढ आणि गाडी टो करून घे.” नंतर मला समजावलं: इंजिनात हवा दाबली जाते, हवा दबते. पाणी दबत नाही. सिलिंडरमध्ये पाणी असताना इंजिन फिरवलं की आतला लोखंडी दांडा वाकतो, आणि मग ते इंजिन गेलंच. पुरात बुडालेल्या गाडीची भरपाई विमा देतो, पण पाण्यातून आलेली गाडी सुरू केल्याने झालेलं इंजिनाचं नुकसान साध्या पॉलिसीत सहसा बसत नाही, त्याला वेगळं कलम घ्यावं लागतं. भावाने चावी लावली नाही. गाडी दोन महिन्यांनी घरी आली, आजही चालते. त्याच्या गल्लीतल्या ज्यांनी लावली त्यांची नाही.

हे सगळं ह्यांच्या डोक्यात होतं आणि मी इतकी वर्षं शेजारच्या सीटवर बसून डुलक्या काढल्या, याची मला हळहळ वाटते. विचारायला हवं होतं.

रात्री मी अजून फारशी चालवत नाही. आमच्या भागात ऊसतोडीचे दिवस आले की ट्रॅक्टरमागे दोन-दोन ट्रॉल्या, उसाचं ओझं रस्त्याच्या मध्यापर्यंत आलेलं, मागे ना दिवा ना रिफ्लेक्टर. समोरून अप्पर मारत गाडी येते, डोळे दिपतात आणि त्या दिपलेल्या क्षणात पुढे काळोखात ऊस असतो. पन्नाशीनंतर दिपलेला डोळा सावरायला जास्त वेळ घेतो. समोरच्याच्या दिव्याकडे न बघता रस्त्याच्या डाव्या कडेच्या पांढऱ्या पट्टीवर नजर ठेवायची, हे त्यावरचं उत्तर. बघा, पुन्हा डावी बाजू. पण ट्रॉलीमागे तांबडा कागद चिकटवायला किती पैसे लागतात? दर हंगामात ह्या ट्रॉल्यांवर आदळून माणसं जातात. जाणारी बहुतेक मोटरसायकलवरची, घरी परतणारी. ह्याचा राग मला अजून येतो आणि येत राहावा असं वाटतं.

२०२३चे गणपती १९ सप्टेंबरला होते. आदल्या दिवशी, हरतालिकेला, आम्ही चिपळूणला निघालो. मी चालवणार होते, पहिल्यांदा घाटातून. पाटणपर्यंत ऊन होतं, वरच्या पठारावरच्या पवनचक्क्या संथ फिरत होत्या. हेळवाक, कोयनानगर मागे पडलं आणि पाऊस आला. घाटमाथ्यावर तर ढगच रस्त्यावर उतरलेला. समोरची काच पांढरी झाली. मी फडक्याने पुसायला लागले, हे म्हणाले, “वायपर एकदा मार. गेलं तर धुकं बाहेरचं, नाही गेलं तर आपल्या श्वासाचं.” नाही गेलं. एसी लावला, हवा काचेवर सोडली, मिनिटभरात काच उघडली. एसी नुसता गार करत नाही, हवेतला ओलावा काढतो. दिवे लोअरवर, कारण अप्परचा उजेड धुक्यावर आपटून आपल्याच डोळ्यांत येतो. पुढे एक गाडी चारही इंडिकेटर लावून चालली होती. असं बरेच जण करतात, काळजीनेच करतात, पण ते दिवे उभ्या गाडीसाठी आहेत. चालत्या गाडीने लावले तर ती डावीकडे वळणार की उजवीकडे हे मागच्याला कळायचा रस्ताच बंद होतो.

कुंभार्ली घाट उतरायला लागले. कोयनेचं पाणी ज्या डोंगराच्या पोटातून बोगद्यांनी पोफळीला उतरतं, त्याच्याच अंगावरून हा रस्ता उतरतो. लहानपणी एसटीतून ह्या वळणांवर मला उलट्या व्हायच्या. तेव्हाचे एसटीचे ड्रायव्हर आठवले. वळणाआधी हॉर्न, वळणात शांत, गाडी गिअरवर घरघरत. गाडी ज्या गिअरमध्ये चढली असती त्याच गिअरमध्ये उतरवायची. दुसऱ्या गिअरमध्ये इंजिनच गाडीला मागे धरून ठेवतं आणि ब्रेकला विश्रांती मिळते. न्यूट्रल टाकून पेट्रोल वाचवणारे लोक ब्रेकवर सगळा भार टाकतात. ब्रेक तापतात, जळका वास येतो आणि मग एका वळणावर पॅडल नुसतंच खाली जातं. चढून येणाऱ्याला आधी वाट द्यायची, तो थांबला तर त्याला पुन्हा उचलणं अवघड. एक मालट्रक वर येत होता. मी डावीकडे घेऊन थांबले. डाव्या हाताला कठड्याचे दगड, त्यांच्या पलीकडे नुसतं पांढरं.

“किती आहे डावीकडे?” ह्यांनी विचारलं. ते डावीकडेच बसले होते, खिडकी त्यांच्याच हाताशी होती.

“हातभर,” मी म्हणाले.

त्यांनी काच खाली केली, मान पूर्ण वळवून बघितलं. पाऊस आत आला. काच वर करून म्हणाले, “हातभर आहे.”

पोफळी आली, अलोरे आलं, धुकं वर राहिलं. ओल्या मातीचा आणि शेणाचा तो खालचा वास आला. हे मध्येच म्हणाले, की दुसऱ्या वळणापासून डोळे मिटून बसलो होतो, आवाजावरून गिअर कळत होता. मी काही बोलले नाही. बोलायला गेले असते तर रस्ता धूसर झाला असता.

भावाच्या अंगणात गाडी उलटी लावावी लागते. एका बाजूला तुळशीवृंदावन, दुसऱ्या बाजूला विहिरीचा काठ. भाऊ धावत आला, “ताई, थांब, मी लावतो.” तेवढ्यात हे उतरले आणि मागे जाऊन उभे राहिले, डाव्या बाजूला, विहिरीकडे. मला ते आरशात दिसेनात. मी ब्रेक दाबून काच खाली केली.

“अहो, तिथे नका उभे राहू. उजवीकडे या. मला दिसाल असे उभे राहा.”

ते आले. उजव्या आरशात आधी त्यांचा हात दिसला, मग भिजलेली बाही, मग चेहरा.

“येऊ दे,” हे म्हणाले. “येऊ दे. अजून. अजून येऊ दे.” आणि डिकीवर थाप मारली. “बास.”